सही कोणाची?

माझ्या बैठकीच्या खोलीत सध्या एक चित्र टांगलेले आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक वलयांची जाळी. डावीकडून आणि उजवीकडून वलये पसरत येतात, मध्ये एकमेकांत शिरतात आणि त्या गर्दीतून काही काळ्या, शांत वाटा बाक घेत बाहेर पडतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मिरजेतले एक जुने पेंटर घरी आले, तेव्हा त्यांची नजर या चित्रावर खिळली. पेंटर म्हणजे प्रदर्शने भरवणारे चित्रकार नव्हेत. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या वेळा, निवडणुकीच्या भिंती आणि ट्रकच्या मागची वाक्ये रंगवण्यात ज्यांची चाळीस वर्षे गेली, असे पेंटर. चष्मा कपाळावर सरकवून ते चित्राच्या अगदी जवळ गेले. रेघ कुठे थरथरली आहे का, हे त्यांनी पाहिले असावे. ती कुठेच थरथरली नव्हती.

"साहेब, ह्ये तुम्ही काढलंय का मशीननं?"

"काढलं मशीननं. कसं काढायचं ते मी सांगितलं."

"मग खाली सही कुणाची?"

चहा आला, विषय बदलला, पेंटर गेले. पण अडतीस वर्षे बँकेत सह्या करण्यात आणि दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात घालवलेला माणूस सहीच्याच प्रश्नावर निरुत्तर झाला, याची चुटपुट मला बरेच दिवस लागून राहिली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

या नादाची सुरुवात आमच्या परसातल्या हौदापाशी झाली. मी 2019 मध्ये निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. हौदाचे दोन्ही नळ गळत होते आणि दुरुस्तीला कोणी येईना. हातात वेळ होता, म्हणून मी पाण्याकडे बघत बसू लागलो. एका नळाचा थेंब पडला की वलय उठे, दुसऱ्याचा पडला की दुसरे. दोन्ही वलये समोरासमोर येत, एकमेकांतून आरपार जात आणि जणू काही घडलेच नाही अशी आपापल्या वाटेने पुढे सरकत. त्यांची भेट होई तेवढ्या क्षणापुरती पाण्यावर एक वेगळीच नक्षी उमटे आणि मोडे. कादंबरीत दोन माणसांची भेट रंगवताना मी पानेच्या पाने खर्च केली आहेत. इथे दोन थेंबांनी ते काम फुकटात उरकले होते.

ही नक्षी धरून ठेवावी असे वाटले. मला चित्र काढता येत नाही. माझी अकरावीतली नात म्हणाली, "आजोबा, काढू नका, लिहा." तिने मला 'प्रोसेसिंग' नावाची एक प्रणाली दाखवली. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी 2001 मध्ये ती सुरू केली. चित्रकारांना संगणकाची भाषा सोपी जावी, हा तिचा हेतू, आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते. या पद्धतीत माणूस चित्र काढत नाही. चित्र ज्यातून निघेल तो नियम लिहितो. अशा चित्रकलेला इंग्रजीत जनरेटिव्ह आर्ट म्हणतात. आपण तिला नियमातून उगवणारे चित्र म्हणू.

नियम कसा असतो, ते सांगतो. गणिताला घाबरणाऱ्यांनीही पान उलटू नये. समजा, पडद्यावर रुंदीला हजार आणि उंचीला हजार, असे एकूण दहा लाख ठिपके आहेत. त्यांतल्या दोन ठिकाणांना मी उगम नेमतो. हे माझे दोन नळ. आता संगणकाने प्रत्येक ठिपक्यापाशी जाऊन विचारायचे, बाबा रे, तू पहिल्या उगमापासून किती लांब आहेस आणि दुसऱ्यापासून किती? त्या अंतरावरून तिथे लाटेचा उंचवटा आहे की खळगा, हे त्रिकोणमितीतल्या साइनच्या सूत्राने ठरते. दोन्ही लाटांचे आकडे मिळवायचे. बेरीज शून्यापासून जितकी दूर, मग ती अधिक असो वा उणे, तितका ठिपका पांढरा, शून्यापाशी काळा. झाला नियम. बारा-पंधरा ओळींत बसतो.

गंमत पुढे आहे. ज्या ठिकाणी एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा नेमके एकाच वेळी येऊन ठेपतात, तिथे बेरीज नेहमीच शून्य येते. चित्रातल्या त्या शांत वाटा याच. दोन उगमांत दोनशे ठिपक्यांचे अंतर ठेवले आणि लाटेची लांबी चाळीस ठेवली, तर अशा दहा वाटा निघतात. लांबी निम्मी, म्हणजे वीस केली, की वाटा वीस होतात. ही दहा-वीसची गोष्ट मी कुठेही लिहिलेली नसते. मी फक्त दोन आकडे दिलेले असतात.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात या प्रकाराला व्यतिकरण म्हणतात. शब्द अवघड असला, तरी अनुभव आमच्या मिरजेत कानाच्या सवयीचा आहे. इथे तंबोरे बनतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवायच्या असतात. त्या जवळपास लागल्या, पण पुऱ्या लागल्या नाहीत, की आवाज मोठा-लहान, मोठा-लहान असा डोलतो. कारागीर तार पिळत जातो तसा डोल मंदावतो आणि शेवटी थांबतो. तो डोल म्हणजे दोन लाटांचे कधी जुळणे आणि कधी एकमेकींना पुसणे. माझ्या चित्रात तेच डोळ्यांना दिसते.

प्रकाशाच्या बाबतीत हे प्रथम मांडले ते टॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरने. 1801 मध्ये रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना त्याने प्रकाशाच्या लाटाही अशाच एकमेकींत मिसळतात, असे सांगितले. 1807 मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांच्या ग्रंथात दोन उगमांपासून निघणाऱ्या लाटांची आकृती आहे. माझ्या भिंतीवरच्या चित्राची ती पणजी म्हणायला हरकत नाही. उजेडात उजेड मिळवला तर कुठे कुठे अंधार होतो, हे म्हणणे त्या काळी अनेकांना वेडेपणाचे वाटले. एडिंबरोच्या एका वजनदार नियतकालिकात त्याच्यावर कडवट टीका झाली. मी बँकेतला माणूस. जमेत जमा मिळवून शिल्लक शून्य येते, असे कोणी सांगितले असते तर मीही त्याला दारातूनच परत पाठवले असते.

बँकेचा उल्लेख आलाच आहे, तर माझ्या एका चुकीची हकिगत सांगतो. एका रात्री अंतर काढताना वर्गमूळ घ्यायला मी विसरलो. त्यामुळे वलये बाहेरच्या बाजूला दाट होत गेली, इतकी की पडद्याच्या ठिपक्यांत ती मावेनात. आणि मग जिथे मी उगम नेमलाच नव्हता अशा ठिकाणी, ओळीने, नवीन वलये उमटली. आधी वाटले, यंत्र बिघडले. नंतर उलगडा झाला. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यांतून जी मोठी पट्टेदार नक्षी हलताना दिसते, तिचाच हा प्रकार होता. एक जाळी माझ्या वलयांची, दुसरी पडद्याच्या ठिपक्यांची. दोन्ही खऱ्या, आणि त्यांच्या गाठीतून उमटलेली तिसरी नक्षी कोणीच काढलेली नव्हती.

आमच्या शाखेत लेजर जुळवताना एका रुपयाचा फरक आला, तर रात्रीचे नऊ वाजले तरी कोणी उठत नसे. फरक म्हणजे चूक आणि चूक म्हणजे कोणाची तरी मान खाली, हे माझ्या हाडीमासी भिनलेले. त्या रात्री मी प्रथमच फरक सापडल्यावर तो मिटवला नाही. जपून ठेवला. ते चित्र माझ्या संग्रहातले सर्वांत चांगले आहे, असे माझी नात म्हणते.

मग ते चित्र कोणाचे? माझे म्हणावे, तर मला ते सुचले नव्हते. यंत्राचे म्हणावे, तर यंत्राला ते चांगले आहे हे कळले नव्हते. त्याने आधीची चारशे टाकाऊ चित्रेही तेवढ्याच निष्ठेने काढली होती. माझे मत असे, की अशा चित्रात चित्रकार दोन जागी असतो. नियम लिहिताना असतो आणि निवड करताना असतो. मधली मेहनत यंत्राची. पण नियम माझा, नकार माझे आणि होकारही माझा.

नियमाने चित्र काढणे ही यंत्राची शिकवणही नव्हे. वेरा मोल्नार या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये आयुष्य काढलेल्या चित्रकर्तीला संगणक हाताळायला मिळाला तो 1968 मध्ये. त्याआधी 1959 पासून ती मनातल्या मनात एक काल्पनिक यंत्र धरून, स्वतःला नियम घालून, हाताने चित्रे काढत होती. 2023 च्या डिसेंबरात, शंभरीला महिना उरलेला असताना ती गेली. आणि पॅरिसपर्यंत तरी कशाला जायचे? आमच्या घरांतून आई-आज्या ठिपक्यांची रांगोळी काढत आल्या. किती ठिपक्यांच्या किती ओळी आणि कोणता ठिपका कोणाला जोडायचा, हा नियमच नव्हे का? नियम सासूने सांगितला म्हणून अंगणातली रांगोळी सासूची झाली, असे कोणत्याही सुनेने मान्य केल्याचे ऐकिवात नाही!

पेंटरांचा प्रश्न यापूर्वी एका सरकारी कचेरीनेही विचारला होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मायकेल नॉल नावाचे एक तरुण अभियंते होते. साठच्या दशकात ते संगणकाकडून चित्रे काढून घेत. नव्वद लाटांच्या रेषा एकाखाली एक, त्यांची लांबी वाढत जाणारी, असेही त्यांचे एक चित्र आहे. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले. त्यातल्या एका चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवायला ते गेले, तेव्हा कॉपीराइट कार्यालयाने नकार दिला. कारण, चित्र यंत्राने काढले आहे. नॉल यांनी कळवले, की यंत्र चालवणारा कार्यक्रम माणसाने लिहिला आहे आणि त्यात नियम व यदृच्छा यांचे मिश्रण आहे. पुन्हा नकार. कारण, यदृच्छा मान्य करता येत नाही. त्यावर त्यांनी खुलासा केला, की हे आकडे माणसाला स्वैर वाटले तरी ते काढणारी रीत पूर्णपणे गणिती आहे. तेव्हा कुठे नोंद झाली. हा पत्रव्यवहार वाचताना मला आमच्या विभागीय कार्यालयाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

याच नॉल यांनी 1966 मध्ये शंभर लोकांपुढे दोन चित्रे ठेवली. एक प्रख्यात चित्रकार माँड्रियान यांच्या 1917 मधल्या रेषाचित्राची प्रत आणि दुसरे त्याच धर्तीवर संगणकाकडून करवून घेतलेले. यंत्राचे चित्र कोणते, हे फक्त 28 जणांना ओळखता आले. 59 जणांना यंत्राचेच अधिक आवडले. तेव्हा 'हाताचे ते मला बरोबर ओळखू येते' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा जपून असावे.

इथे कोणी म्हणेल, की मग आज मोबाइलवर एक वाक्य टाइप केले की चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता निघाली आहे, तिच्या चित्राखालीही टाइप करणाऱ्याने खुशाल सही करावी! मला ते पटत नाही. माझ्या वलयांचा नियम मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माहीत आहे. अमुक ठिपका काळा का, हे मी कागदावर आकडेमोड करून दाखवू शकतो. त्या यंत्रात मात्र असंख्य चित्रकारांची चित्रे आधी ओतलेली असतात, बहुतेकांना न विचारता. तिथे वाक्य टाकणारा माणूस हा माझ्या मते चित्रकार कमी आणि गिऱ्हाईक जास्त. 2023 च्या फेब्रुवारीत त्याच अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने एका चित्रकथेतील मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, पण अशा यंत्राकडून आलेल्या चित्रांना संरक्षण नाकारले. नॉल यांना आधी नाही म्हणून मग हो म्हणणाऱ्या कचेरीने इथे काढलेली सीमारेषा मला बरीचशी योग्य वाटते. प्रश्न यंत्र वापरले की नाही, हा नाहीच. 'हे असे का?' असे विचारल्यावर उत्तर द्यायला कोण उभा राहतो, हा आहे.

बँकेत हेच असते. खातेउतारा यंत्र छापते, पण त्यावर अधिकाऱ्याची सही असेल, तर चुकीला तो बांधलेला असतो. 'संगणकाने चूक केली' हे वाक्य काउंटरच्या अलीकडून मी अनेकदा ऐकले आहे आणि, खोटे कशाला बोला, एक-दोनदा वापरलेही आहे. ते वाक्य नेहमी कोणाला तरी लपवण्यासाठी असते.

आणि इथेच पेंटरांचा प्रश्न मला का बोचला, हे सांगायला हवे. 1984 मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, तेव्हा मी तरुण कारकून होतो आणि द्वारसभेत संगणकाविरुद्ध घसा बसेपर्यंत घोषणा देत होतो. नोकऱ्या जातील, ही भीती खरी होती. आमच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. आम्ही वाटाघाटी केल्या, प्रशिक्षण घेतले, बढत्या घेतल्या. पुढे 2003 च्या सुमारास मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. शाखेचा फलक, काउंटरवरच्या पाट्या, ठेवींच्या व्याजदराचा तक्ता, हे सारे हेच पेंटर रंगवत. सुताला खडू लावून ते रेघ मारत, डोळ्यांच्या मापाने अक्षरांतले अंतर बसवत आणि श्वास रोखून 'क्ष' चा शेवटचा फाटा ओढत. वरून पत्र आले, की यापुढे फलक फ्लेक्सचे करावेत, स्वस्त पडतात. मी पेंटरांना बोलावले आणि म्हणालो, "पेंटर, काय करणार, आता मशीनचा जमाना आला." ते "व्हय साहेब" म्हणाले आणि उरलेले बिल घेऊन गेले.

मशीनचा जमाना आला होता, हे खरे. पण त्यांचे काम बंद केल्याच्या पत्रावर मशीनची सही नव्हती. माझी होती. दर बदलतील तसा व्याजदराचा तक्ता तरी हाताने रंगवून घ्यावा, असे वर कळवण्याची मला मुभा होती. मी तेवढेही केले नाही. यंत्राच्या आड उभे राहणे सोयीचे होते. ज्या माणसाने एकदा नुकसानीच्या वेळी 'मशीनने केले' असे सांगितले, त्याने वीस वर्षांनी कौतुकाच्या वेळी 'मी केले' म्हणावे, यातली विसंगती पेंटरांच्या लक्षात आली होती की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या लक्षात आली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. सही करायची असेल, तर दोन्हीकडे करावी. यंत्राकडून घडलेल्या सुंदर गोष्टीखाली ज्याला नाव घालायचे आहे, त्याने यंत्राकडून झालेल्या नुकसानीखालीही घालावे. घरातल्या मुलांना संगणक शिकवताना आपण त्यांना वेग शिकवतो, युक्त्या शिकवतो. त्याबरोबर हेही शिकवावे, की यंत्राला नियम देणारा कोणी तरी माणूस असतो, आणि तो माणूस आपण असू तर आपल्याला विचारले जाईल.

या महिन्यात मी पेंटरांच्या घरी गेलो. ते पत्र मी लिहिले होते, हे सांगितले. ते म्हणाले, "म्हाईत हाय की. सही वळखतो मी तुमची." मग मी त्यांना बेन लॅपोस्की यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चेरोकी या छोट्या गावचे हे गृहस्थ. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेच्या लाटा एकमेकींत मिसळून त्यांची छायाचित्रे काढणारे, या वाटेवरचे अगदी पहिल्यांपैकी एक. 1953 मध्ये त्यांच्याच गावातल्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. पोटासाठी ते भावाबरोबर पाट्या रंगवण्याचे दुकान चालवत. पेंटर पुढे सरकून बसले. "मंजी आपल्यातलाच की!" म्हणाले.

माझ्या चित्राखाली नाव त्यांनी रंगवून द्यावे, अशी विनंती मी केली. त्यांनी मान हलवली. "नाव मी घालतो, साहेब, पण पाटीवर. सही ज्याची त्यानं करायची."

आता चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही आहे आणि मागच्या बाजूला नियम, त्यातली वर्गमूळाची चूक आणि तारीख लिहिलेली आहे. फाटकावरची माझ्या नावाची पाटी पेंटरांनी रंगवली. पैसे त्यांनी पुरे घेतले.